१८१२ चे लंडन: वरसंशोधन आणि हेरगिरी एकाच कादंबरीत कशी बसवावी?

सोनचाफा (प्रश्न)

नमस्कार. मी मराठीत एक ऐतिहासिक प्रणयकादंबरी लिहीत आहे. तिचा काळ इंग्लंडमधील रीजन्सीचा, म्हणजे राजा तिसरा जॉर्ज आजारपणामुळे कारभारास असमर्थ ठरल्यावर त्याचा थोरला मुलगा रीजंट म्हणून राज्य चालवीत होता, त्या १८११ ते १८२० या वर्षांतला आहे. कथानक १८१२ च्या वसंतात लंडनमध्ये सुरू होते. नायिका वीस वर्षांची, आईवडील नसलेली, काकांच्या आश्रयाने राहणारी असून तिच्या नावे वडिलांनी दहा हजार पौंड ठेवले आहेत. लंडनच्या एकाच हंगामात, म्हणजे मोठी घराणी शहरात असतात त्या काही महिन्यांत, तिचे लग्न जमवायचे असा काकांचा आग्रह आहे. त्याच वेळी काकांच्या बैठकीत येणारा कोणीतरी नेपोलियनच्या लोकांना बातम्या पुरवत असल्याचा सरकारला संशय येतो, आणि एक तरुण व्हायकाउंट (सरदारकीचा एक किताब), जो स्वतः सरकारी हेर आहे, नायिकेला या कामात ओढतो.

अडचण अशी आहे की पहिली शंभर पाने बॉल (नाचाचे समारंभ), भेटीगाठी आणि स्थळे यांत जातात आणि पुढची दीडशे पाने पाठलाग आणि सांकेतिक पत्रांत. दोन निरनिराळ्या कादंबऱ्या एकाच पुठ्ठ्यात बांधल्यासारखे वाटते. कुलीन घरातील अविवाहित मुलीकडे असे काम कोणी सोपवले असते का, आणि नसल्यास तिला या गोष्टीत आणण्याचा विश्वसनीय मार्ग कोणता, याबद्दल जाणकारांचे मत हवे आहे.

टाकबोरू

तुमचा प्रश्न रास्त आहे, पण मला वाटते तो थोडा पुढे जाऊन विचारायला हवा. त्या काळच्या ब्रिटिश हेरगिरीचा मोठा भाग पाठलागाचा नव्हता, टपालाचा होता. लंडनच्या टपाल कचेरीत एक गुप्त शाखा परदेशी दूतांची पत्रे उघडून, नक्कल करून, पुन्हा बेमालूम मोहोरबंद करून पुढे पाठवीत असे, आणि सांकेतिक मजकूर उलगडण्यासाठी वेगळी माणसे नेमलेली होती. हे उलगडण्याचे काम अठराव्या शतकात एडवर्ड विल्स या धर्मोपदेशकाकडे गेले. तो पुढे बाथ अँड वेल्सचा बिशप झाला आणि त्याच्या घराण्याने हा व्यवसाय १८४४ मध्ये ती शाखा बंद होईपर्यंत पिढ्यान्‌पिढ्या चालवला. म्हणजे ही जवळजवळ वतनदारीच होती, आणि बरेचसे काम घरी बसून चाले. तुमची नायिका अशा एखाद्या काल्पनिक घराण्यातली असेल आणि वडिलांच्या मेजाजवळ बसून आकड्यांची मांडणी शिकलेली असेल, तर तिला कोणी 'नेमण्याची' गरजच उरत नाही.

सरकारी बाजूने आणखी एक कचेरी तुमच्या उपयोगाची आहे. १७९३ मध्ये परकीयांविषयीचा कायदा झाला आणि फ्रान्समधून आलेल्या निर्वासितांवर नजर ठेवण्यासाठी एलियन ऑफिस निघाले. विल्यम विकहॅमसारख्या माणसांनी त्या कचेरीतून युरोपभर हेरांचे जाळे विणले. तुमच्या व्हायकाउंटला परराष्ट्र खात्यापेक्षा या कचेरीशी जोडणे अधिक शोभेल.

लष्करी संकेतलिपीचा मोह मात्र आवरावा. १८१२ मध्ये फ्रेंच सेनापती सुमारे १४०० आकड्यांची एक अवघड लिपी वापरू लागले आणि ती फोडण्याचे श्रेय स्पेनमध्ये फ्रेंचांशी लढणारा ब्रिटिश सेनापती वेलिंग्टन याच्या सैन्यातील जॉर्ज स्कोव्हेल या अधिकाऱ्याला जाते. पण ते काम स्पेनमधील छावण्यांत, गनिमी टोळ्यांनी पकडून आणलेल्या चिठ्ठ्यांवर चालले होते. ते लंडनच्या दिवाणखान्यात आणून नायिकेने एका रात्रीत ती लिपी फोडली असे दाखवाल, तर या विषयाचा वाचक पुस्तक तिथेच मिटेल.

ओसरी

टाकबोरू यांनी हेरगिरीची बाजू नीट मांडली आहे, म्हणून मी लग्नाच्या बाजूने लिहिते. माझ्या मते तुमच्या दोन कथा वेगळ्या पडतात याचे कारण तुम्ही वरसंशोधनाकडे केवळ नाचगाणे म्हणून पाहत आहात. स्थळाची चौकशी म्हणजे काय, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. मुलाचे उत्पन्न किती, जमिनीवर गहाण किती, जुगाराचे देणे आहे का, आधीचे कुठे काही प्रकरण आहे का, हे सारे समोरच्याला कळू न देता काढायचे असते. आल्मॅक्सच्या सभागृहात बुधवारी होणाऱ्या बॉलला कोणाला प्रवेशपत्रिका द्यायची हे ठरवणाऱ्या लेडी जर्सी, लेडी कॅसलरे, काउंटेस लिव्हन यांच्यासारख्या स्त्रियांकडे लंडनमधील प्रत्येक घराण्याची कुंडली असे. त्यांतली लेडी कॅसलरे परराष्ट्रमंत्र्यांची पत्नी होती, आणि काउंटेस लिव्हन १८१२ च्या अखेरीस रशियन राजदूताची पत्नी म्हणून लंडनला आली, म्हणजे तुमच्या कथेत ती नसावी. बाकी, जिथे स्थळे ठरत तिथेच राजकारणही ठरे, यासाठी तुम्हाला कल्पनाशक्ती ताणावी लागणार नाही.

आता नियमांकडे या, कारण तुमचे कथानक नियमांतून निघेल. अविवाहित मुलीने ज्याच्याशी लग्न ठरलेले नाही अशा पुरुषाशी पत्रव्यवहार करणे त्या समाजात अशिष्ट मानले जाई आणि तसा पत्रव्यवहार उघड झाला की लग्न ठरले असावे असेच लोक समजत. तुमचा व्हायकाउंट तिला एक ओळ जरी पाठवील, तरी त्याला एकतर तिला मागणी घालावी लागेल किंवा तिची अब्रू धोक्यात येईल. एकाच जोडीदाराबरोबर एका रात्री दोनपेक्षा अधिक वेळा नाचले तरी कुजबुज सुरू होई. म्हणजे दोन हेरांनी भेटायचे कसे, हाच प्रश्न 'दोघे प्रेमात आहेत असे जगाला वाटू न देता भेटायचे कसे' असा होतो, किंवा खोटीच सोयरीक जाहीर करून भेटावे लागते. खोट्या सोयरिकीचा डाव या प्रकारच्या कादंबऱ्यांत पुष्कळ वापरून गुळगुळीत झालेला आहे, हे मान्य. पण तुमच्याकडे त्याला खरे कारण आहे. शिवाय ठरलेले लग्न पुरुषाने मोडल्यास वचनभंगाचा दावा लावता येत असे, म्हणून त्यालाही ते सोंग फुकट पडणार नाही.

पैशाची बाजू याहून महत्त्वाची आहे. १७५३ च्या विवाहकायद्याने एकवीस वर्षांखालील मुलीला परवाना काढून लग्न करायचे तर पालकाची संमती लागे, म्हणूनच पळून जाणारी जोडपी, हा कायदा लागू नसलेल्या स्कॉटलंडमधील ग्रेटना ग्रीन गाठत. लग्नानंतर बायकोची रोकड आणि जंगम मालमत्ता नवऱ्याची होई. ती वाचवायची तर लग्नाआधी करारपत्र करून पैसा विश्वस्तांच्या हाती ठेवावा लागे. या करारासाठी दोन्हीकडचे वकील हिशेब तपासत. आता तुमच्या नायिकेचे दहा हजार पौंड काकांच्या ताब्यात आहेत. ते जागेवर नसतील तर? पाच टक्क्यांनी त्यांचे वर्षाला पाचशे पौंड व्याज येत असल्याचे काका कागदावर दाखवतात, पण मुद्दल केव्हाच गेलेली आहे, आणि पहिले चांगले स्थळ चालून आल्याबरोबर वकील ती मागणार आहेत. ज्या काकांना तिचे लग्न लवकर उरकायचे आहे असे आपल्याला वाटते, त्यांना ते प्रत्यक्षात हिशेब न मागणाऱ्या माणसाशीच उरकायचे आहे.

टाकबोरू

ओसरी यांची सूचना मला फार आवडली आणि ते पैसे कुठे गेले असतील हेही सांगता येईल. त्या वर्षांत ब्रिटनमध्ये कागदी नोटांचे चलन होते आणि सोने बाहेर नेण्यास बंदी होती, पण २१ शिलिंगांच्या गिनी या सोन्याच्या नाण्याला इंग्लिश खाडीपलीकडे, म्हणजे फ्रान्समध्ये, बराच जास्त भाव मिळत असे. केंट किनाऱ्यावरील डील आणि आसपासच्या गावांतले चोरटे व्यापारी वेगवान वल्हवायच्या होड्यांतून गिनी फ्रान्सला नेत. नेपोलियनने त्यांना आधी डंकर्क आणि नंतर ग्रॅव्हलिन येथे उतरण्याची खुली मुभा दिली होती. सोन्याबरोबर इंग्रजी वर्तमानपत्रे, पत्रे आणि माणसेही जात. पुतणीचे पैसे या धंद्यात गुंतवणारा काका पहिल्या दिवशी देशद्रोही नसतो. एखाद्या फेरीत माल बुडतो, देणे चढते आणि पलीकडचा माणूस परतफेड बातम्यांत मागू लागतो. हे मला तुमच्या मूळच्या खलनायकापेक्षा पटते.

बातमी किनाऱ्यापर्यंत पोचवण्यासाठी टपालाची एक सवलत वापरा. तेव्हा टपालखर्च पत्र घेणाऱ्याने द्यायचा असे, पण खासदार आणि लॉर्ड यांच्या सहीचे पत्र देशांतर्गत विनामूल्य जाई. या सवलतीचा गैरवापर थांबवण्यासाठी १७८४ पासून सहीबरोबर संपूर्ण पत्ता आणि तारीखही त्याच माणसाने स्वहस्ते लिहिणे बंधनकारक झाले. ओळखीच्या खासदाराकडून असे पाकीट लिहून घेणे हा घराघरांतला नेहमीचा प्रकार होता. काका आपल्या घरी येणाऱ्या एका भोळ्या खासदाराकडून, जो नायिकेचा एक उमेदवारही आहे, डीलच्या एका पत्त्यावर आठवड्याला एक पत्र लिहून घेतात. नायिकेला त्याचे अक्षर ओळखीचे आहे. संशय अर्थात चुकीच्या माणसावर जातो.

खलिता

दोघांच्याही सूचना उत्तम आहेत. माझा आक्षेप नायकावर आहे. हेर असलेला ड्यूक किंवा व्हायकाउंट हा या साहित्यप्रकाराचा लाडका पुतळा असला, तरी त्या काळच्या सभ्य गृहस्थाला वेष पालटून, खोटे नाव घेऊन बातमी काढणे हीन वाटे. वेलिंग्टनचा कोलक्वून ग्रँट हा टेहळणी अधिकारी शत्रूच्या मुलखातही स्वतःचा गणवेश घालून हिंडत असे, कारण गणवेशात पकडलेला माणूस युद्धकैदी ठरतो आणि साध्या कपड्यांतला फासावर जातो. एप्रिल १८१२ मध्ये तो पकडला गेला तेव्हा याच गणवेशाने त्याचा जीव वाचवला. खरी गुप्त बातमी देणारे लोक वेगळेच होते: सालामांकातील आयरिश कॉलेजचे प्रमुख पॅट्रिक कर्टिस यांच्यासारखे धर्मगुरू, व्यापारी, निर्वासित सरदार, चोरटे नावाडी. तुमच्या नायकाला आपल्या कामाची लाज वाटली पाहिजे आणि नायिकेला सत्य न सांगण्याचे खरे कारण तीच लाज असली पाहिजे.

त्याला पूर्वायुष्य द्यायचे असेल तर ते आपल्याकडचे देता येईल, आणि ते ओढूनताणून आणलेले वाटणार नाही. वेलिंग्टन तेव्हा आर्थर वेलस्ली म्हणून दख्खनमध्ये लढला होता. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईला तो शिंदे आणि भोसले यांच्या फौजेसमोर अनपेक्षितपणे जाऊन पडला, कारण हरकाऱ्यांच्या बातमीवरून शत्रूची छावणी भोकरदनजवळ आहे अशी त्याची समजूत झाली होती, आणि प्रत्यक्षात ती छावणी असईपर्यंत पसरलेली होती. तिथे सतरा-अठरा वर्षांचा अधिकारी म्हणून लढलेला, अर्धवट बातमीने मित्र गमावलेला माणूस १८१२ मध्ये सव्वीस-सत्तावीस वर्षांचा असेल. एकाच तोंडून आलेल्या बातमीवर तो विश्वास ठेवणार नाही, आणि तिने दिलेली पहिली माहितीही तो दुसरीकडून ताडून पाहील. तिला हे कळेल तेव्हाचे भांडण मला वाचायला आवडेल.

सोनचाफा

सर्वांचे मनापासून आभार. काकांना गिनीच्या धंद्यात गुंतवण्याची आणि खासदाराच्या पाकिटांची कल्पना मी घेत आहे. नायकही व्हायकाउंटऐवजी असईहून परतलेला, सरदार घराण्यातला धाकटा मुलगा होईल. दोन शंका उरतात. नायिकेला गप्प करण्यासाठी काकांचा फ्रेंच साथीदार तिच्याशी लग्न करू पाहतो असा प्रसंग मी योजला आहे; त्याला कायद्याचा काही आधार आहे का? आणि शेवट कोणत्या तारखेच्या आसपास आणावा?

ओसरी

पहिल्या शंकेला भक्कम आधार आहे. इंग्लंडच्या रूढ कायद्यात नवरा-बायको एकमेकांविरुद्ध साक्षीदार म्हणून सहसा चालत नसत. बायकोवरच अत्याचार झाला असेल तर गोष्ट वेगळी. त्यामुळे तिने पाकिटे पाहिली आहेत हे कळलेल्या माणसाने तिला मागणी घालणे हा धमकीहून स्वस्त उपाय ठरतो. फक्त तो साथीदार फ्रेंच निर्वासित असला तर काकांची संमती मिळवताना समाजात त्याचे वजन काय आहे हे आधीच्या प्रकरणांत दाखवून ठेवा.

टाकबोरू

तारखेबाबत १८१२ ने तुमच्यासाठी काहीच कमी ठेवलेले नाही. ११ मे रोजी पंतप्रधान स्पेन्सर पर्सिव्हल यांची संसदेच्या दालनात गोळी घालून हत्या झाली. मारेकरी स्वतःच्या नुकसानभरपाईसाठी चिडलेला एक व्यापारी होता, पण सुरुवातीला कटाच्या भीतीने लोक हादरले. तुमच्या सरकारी मंडळींचा संशय इथे वाढवता येईल. २२ जुलै रोजी लंडनजवळच्या बार्न्स येथे काउंट दांत्रेग हा अनेक दरबारांना गुप्त बातम्या पुरवणारा फ्रेंच निर्वासित आणि त्याची पत्नी, जी एके काळची ऑपेरा गायिका होती, गाडीत बसायला निघाले असता स्वतःच्याच इटालियन नोकराच्या हातून मारले गेले, आणि तो नोकरही लगेच मेला. दांत्रेगच्या कागदपत्रांसाठी सरकारची धावपळ झाली. तुमच्या साथीदाराचे नाव त्या कागदांत असेल, तर तो त्याच रात्री पळ काढील.

त्याच दिवशी स्पेनमध्ये सालामांकाची लढाई झाली, पण ती बातमी लंडनला ऑगस्टच्या मध्यास पोचली. तेव्हा कोणत्याही पात्राला जुलैमध्ये विजय साजरा करू देऊ नका. जुलैअखेर मोठी घराणी आपापल्या गावी परतलेली असतात, म्हणून लग्न गावच्या चर्चमध्ये लावणे सोयीचे. २६ जुलै, २ ऑगस्ट आणि ९ ऑगस्ट या तीन रविवारी चर्चमध्ये लग्नाची घोषणा करता येईल. मात्र नायिका तोवर एकवीस वर्षांची झालेली ठेवा, म्हणजे तुरुंगात गेलेल्या काकांना पालक म्हणून हरकत घेता येणार नाही. विशेष परवाना नसेल तर विधी सकाळी आठ ते दुपारी बारा याच वेळेत व्हावा लागे, त्यामुळे मेणबत्त्यांच्या उजेडातले संध्याकाळचे लग्न लिहिले असेल तर तेवढे बदला.