ग्राफिक्स आणि गेम प्रोग्रामिंग शिकताना आधी पुस्तक की आधी इंजिन?

मूळ मत (संगणकशास्त्राच्या अध्यापिका, राजारामपुरी)

ग्राफिक्स आणि गेम प्रोग्रामिंग शिकू पाहणाऱ्याने सुरुवात चांगल्या पुस्तकापासून करावी आणि पहिले काही महिने तयार गेम इंजिनाला (गेम बनवण्याच्या आयत्या सॉफ्टवेअरला) हात लावू नये, असे माझे ठाम मत आहे. कोल्हापुरात माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मुलांनी युनिटी किंवा गोडोट असे एखादे इंजिन आधीच उतरवून घेतलेले असते. व्हिडिओ पाहून त्यांनी धावणारे, उड्या मारणारे पात्रही उभे केलेले असते. पण तेच पात्र खांबाभोवती फिरवायला सांगितले की ती अडतात, कारण कोणती क्रिया आधी आणि कोणती नंतर, याचा विचार करण्याची वेळ त्यांच्यावर कधी आलेलीच नसते.

पुस्तक हा विचार कागदावर करायला लावते. (१, ०) हा बिंदू घ्या, तो मूळबिंदूभोवती घड्याळाच्या उलट दिशेने ९० अंशांत फिरवा आणि मग ३ एकक उजवीकडे सरकवा. उत्तर (३, १) येते. आता तोच बिंदू आधी सरकवून नंतर फिरवा. तो (४, ०) वरून थेट (०, ४) वर जातो. फिरवणे, सरकवणे या क्रिया संगणकात मॅट्रिक्सच्या, म्हणजे आकड्यांच्या चौकोनी कोष्टकांच्या, गुणाकाराने होतात; त्या गुणाकारात क्रम का बदलता येत नाही, हे ज्याने एकदा असे हाताने करून पाहिले, त्याला ते पुन्हा सांगावे लागत नाही. इंजिनमध्ये हाच गुणाकार पडद्याआड होतो आणि विद्यार्थी चुकीच्या जागी गेलेली वस्तू माऊसने ओढून बरोबर जागी आणून ठेवतो.

प्रतिसाद (मोबाइल गेम तयार करणारा प्रोग्रामर, शाहूपुरी)

मॅडम, आपल्या उदाहरणाशी माझा वाद नाही, पण आपण सांगता तसे पुस्तक विद्यार्थ्याच्या हाती पडेल कसे? या विषयाची पुस्तके फार लवकर जुनी होतात. ओपनजीएलच्या (ग्राफिक्स कार्डाकडून चित्र काढून घेण्याच्या एका प्रमाण पद्धतीच्या) जुन्या पुस्तकांत पाच-सहा ओळींत त्रिकोण काढून दाखवलेला असतो. ती पद्धत २००८ च्या ३.० आवृत्तीने कालबाह्य ठरवली आणि पुढच्याच वर्षी ३.१ मध्ये ती मूळ भागातून काढूनही टाकण्यात आली. आता त्याच त्रिकोणासाठी बफर (बिंदूंची माहिती ठेवायची स्मृतीतली जागा) तयार करावा लागतो, दोन शेडर (ग्राफिक्स कार्डावर चालणारे छोटे प्रोग्राम) लिहावे लागतात आणि ते कंपाइल करून जोडावे लागतात. जुने पुस्तक घेऊन बसलेल्या मुलाला हे कोणी सांगत नाही आणि काळ्या पडद्यासमोर त्याचे दिवस वाया जातात.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. ओपनजीएलच्या परंपरेतली पुस्तके बिंदू उभ्या स्तंभात मांडतात आणि अक्ष उजव्या हाताच्या नियमाने धरतात, तर डायरेक्टएक्स या मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीच्या पुस्तकांत बहुधा आडवी ओळ आणि डावा हात असतो. त्यामुळे गुणाकाराचा क्रमही उलटा लिहिला जातो. एका पुस्तकातून कॅमेरा आणि दुसऱ्यातून प्रकाश उचलणाऱ्याचा ठोकळा पडद्याबाहेर निघून जातो, आणि दोन्ही पुस्तके आपापल्या जागी बरोबर असल्यामुळे चूक सापडता सापडत नाही. इंजिनमध्ये निदान एकच पद्धत पहिल्यापासून शेवटपर्यंत पाळलेली असते.

प्रतिसाद (सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने धातू कापणाऱ्या, यंत्रांसाठी सॉफ्टवेअर लिहिणारा, उद्यमनगर)

पुस्तके जुनी होतात हे म्हणणे अर्धेच खरे आहे. जुने होते ते ग्राफिक्स कार्डाशी बोलण्याचे प्रकरण. गणिताची प्रकरणे तशीच राहतात. सरळ रेषेतले पिक्सेल केवळ पूर्णांकांची बेरीज-वजाबाकी करून निवडण्याची ब्रेसनहॅमची रीत १९६२ ची आहे आणि ती पडद्यासाठी नव्हे, तर कागदावर रेघा ओढणाऱ्या प्लॉटरसाठी आयबीएममध्ये तयार झाली. आमच्या उद्यमनगरात कटर एकाच वेळी दोन अक्षांवर सरकवून तिरकी रेघ कापायची असते, तेव्हा कोणत्या अक्षाला कधी पाऊल द्यायचे हा प्रश्न त्याच जातीचा असतो. कॉलेजात ग्राफिक्सच्या पुस्तकातले ते प्रकरण मी नीट सोडवले होते, म्हणूनच मला हे काम परके वाटले नाही. कोणत्याही इंजिनच्या मेनूतून मला ते मिळाले नसते.

आणि हे गाव चित्रपटकार बाबूराव पेंटरांचे आहे. परदेशी कॅमेरा मिळेना, तेव्हा त्यांनी इथेच स्वतःचा कॅमेरा घडवला. आपले साधन आतून माहीत असण्याची ही परंपरा आपण सहज सोडून देऊ नये, असे मला मनापासून वाटते.

प्रतिसाद (मोबाइल गेम तयार करणारा प्रोग्रामर, शाहूपुरी)

दादा, बाबूराव पेंटरांचे उदाहरण मला माझ्या बाजूचे वाटते. त्यांना चित्रपट काढायचा होता, म्हणून त्यांनी कॅमेरा घडवला, आणि १९२० मध्ये चित्रपट लोकांसमोर आणलाही. आपल्या मुलांचा कॅमेरा मात्र वर्षानुवर्षे घडतच राहतो आणि गेम कधी पुरा होत नाही. सावल्या, टेक्स्चर (वस्तूवर चिकटवायचे चित्र), फाइल वाचणे असे सगळे स्वतः लिहायला बसलेली हुशार मुले थकून हा विषयच सोडून देताना मी पाहिली आहेत आणि त्याचे मला फार वाईट वाटते. छोटा का होईना, एक गेम पुरा झाला की पुस्तकाकडे जायचे कारण आपोआप मिळते.

याचे एक उदाहरण देतो. गोळी सेकंदाला ३००० पिक्सेल वेगाने जाते आणि पडदा सेकंदाला ६० वेळा रंगवला जातो, म्हणजे दर फ्रेमला ती ५० पिक्सेल पुढे सरकते. भिंत २० पिक्सेल जाड असेल, तर गोळी एका फ्रेमला भिंतीच्या अलीकडे आणि पुढच्या फ्रेमला पलीकडे असू शकते. मधल्या वाटेवर भिंत होती हे तपासलेच जात नाही. हे स्वतःच्या गेममध्ये घडले की विद्यार्थी टक्कर तपासण्याचे प्रकरण अधाशासारखा वाचतो. तेच प्रकरण आधी वाचायला दिले तर त्याच्या डोक्यात काही राहत नाही.

प्रतिसाद (तृतीय वर्षाचा विद्यार्थी, मूळ गाव आजरा तालुक्यात)

आपण सर्वांनी गृहीत धरले आहे की पुस्तक हाती आले की विद्यार्थी ते वाचू शकतो. आम्हांला प्रात्यक्षिकात अजून टर्बो सी हे सी भाषेचे जुने सॉफ्टवेअर शिकवतात. आजच्या ६४ बिटांच्या विंडोजवर ते थेट चालत नाही, म्हणून डॉसबॉक्समध्ये, म्हणजे जुन्या डॉस संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, चालवावे लागते. तिथून एकदम हजार पानांच्या इंग्रजी ग्रंथाकडे जाणे माझ्यासारख्या मराठी माध्यमातून आलेल्याला जड जाते. त्रिकोणमिती आम्हांला येते, पण ती ज्या भाषेत शिकलो त्या भाषेत पुढची पायरी कुठेच लिहिलेली नाही. मॅडम, पूर्ण पुस्तक वाचा असे सांगण्याऐवजी कोणती प्रकरणे कोणत्या क्रमाने वाचावीत, हे आपण सांगाल का?

उत्तर (अध्यापिका, राजारामपुरी)

जरूर सांगते. व्हेक्टर (दिशा आणि लांबी असलेली राशी), मॅट्रिक्स आणि कॅमेऱ्याचे प्रक्षेपण (त्रिमितीतले दृश्य सपाट पडद्यावर उतरवणे) ही तीन प्रकरणे आधी आणि वही-पेन घेऊनच करावीत. त्यांची मराठी टिपणे मी लिहायला घेते. त्यानंतर रेषा आणि त्रिकोण पिक्सेलांनी भरण्याचा प्रोग्राम कोणत्याही ग्राफिक्स लायब्ररीशिवाय लिहावा आणि चित्र साध्या पीपीएम फाइलमध्ये साठवावे. त्या फाइलच्या सुरुवातीला रुंदी, उंची आणि रंगाची कमाल किंमत असते व पुढे नुसते आकडे असतात, त्यामुळे जुन्या-नव्या आवृत्तीचा प्रश्नच येत नाही. तेवढे झाले की शाहूपुरीच्या सरांनी सांगितल्याप्रमाणे खुशाल इंजिन उघडावे आणि गेम पुरा करावा. या क्रमाबद्दलचा माझा आग्रह मात्र कायम आहे: गोळी भिंतीतून का गेली हे वाचायला अधाशीपणा पुरतो, पण ते वाचून समजायला व्हेक्टर आधीच आलेले असावे लागतात. डावा हात की उजवा, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे आणि दुसऱ्या पुस्तकातले सूत्र उतरवून घेण्याआधी ते पान उघडून पाहावे.