विषय: रायफलच्या जुन्या पेटीचं अस्तर

दादा, आजोबांच्या डबल (दोन नळ्यांच्या) रायफलच्या ओकच्या पेटीतलं अस्तर काढून फोम भरायचं म्हणताय, प्लीज नका करू तसं. झाकणाच्या आतलं मेकरचं लेबल तर अजिबात हलवू नका. जुन्या इंग्लिश पेट्यांत नळी आणि दस्ता (मागचा लाकडी भाग) सुटे करून ठेवतात, कप्पे पाडणाऱ्या मधल्या पातळ पट्ट्यांवर हिरवी बनात (जाड लोकरी कापड) सरसाने, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या जुन्या गोंदाने, चिकटवलेली असते, ती कोमट ओलाव्याने अलगद सुटते म्हणून परत लावतानाही सरसच घ्या, फेविकॉल लावलात तर पुढच्या माणसाला सगळं तोडूनच काढावं लागेल. नवीन पट्टी बसवताना दोन्हीकडच्या कापडाची जाडी मापात धरा नाहीतर नळी आत जातच नाही. आणि ओकमधून आम्ल सुटतं, लोखंड गंजतं, त्यामुळे रायफल तेल लावून वेगळ्या कपाटात कुलपातच ठेवा.