‘महिन्याचा उत्तम कामगार’ ही पद्धत बंद करावी का?

प्रश्न : विभागप्रमुख, वाळूज

एका लहान यंत्रशाळेतील सीएनसी (संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या मशीनच्या) विभागाची जबाबदारी गेल्या वर्षी माझ्याकडे आली. त्याआधी ७ वर्षे मी याच विभागात सेटर, म्हणजे नव्या कामासाठी मशीन जुळवून देणारा, होतो; त्यामुळे ज्यांच्यासोबत रोज डबा खाल्ला त्यांनाच आता काम वाटून द्यावे लागते. विभागात २२ जण असून त्यांपैकी ९ जण ठेकेदाराकडचे आहेत. जानेवारीपासून मी, ज्याचे जॉब (मशीनवर तयार होणारे सुटे भाग) सर्वाधिक निघतील त्याला ‘महिन्याचा उत्तम कामगार’ ठरवून त्याचा फोटो कॅन्टीनबाहेरच्या फलकावर लावू लागलो. पहिले दोन महिने टाळ्या वाजल्या. तिसऱ्या महिन्यातही त्याच ऑपरेटरचा फोटो लागला, तेव्हा त्याखाली कोणीतरी खडूने ‘साहेबांचा माणूस’ असे लिहून ठेवले. त्याहून मनाला लागले ते असे की, ज्याचा फोटो होता तोच मला येऊन म्हणाला, “साहेब, तो फोटो काढा, माझ्याजवळ कोणी जेवायला बसत नाही.” कामाची दखल घेतलीच पाहिजे असे मला मनापासून वाटते, परंतु ती कशी घ्यावी म्हणजे पक्षपाताचा वास येणार नाही?

उत्तर : निवृत्त फोरमन

भांडणाचे मूळ तुमच्या निकषात आहे. ज्या मशीनवर महिनाभर एकच बुश (नळीसारखा छोटा भाग) चालतो, तिचा आकडा मोठा येणारच; ज्याच्या वाट्याला दिवसाला तीन सेटिंग येतात, त्याने जीव तोडून काम केले तरी त्याचा आकडा वर जात नाही. तुम्ही स्वतः सेटर होतात, तेव्हा हे तुम्हाला मी सांगायला नको.

आमच्याकडे एकदा रात्रपाळीच्या ऑपरेटरला बाहेरच्या व्यासाचे माप हळूहळू वाढताना दिसले. माप अजून मर्यादेत होते आणि तो गप्प राहिला असता तरी त्याला कोणी जाब विचारला नसता. तरीही त्याने मशीन थांबवली, धार गेलेला इन्सर्ट (धातू कापणारे बदलते पाते) बदलला आणि त्या पाळीत आधी निघालेले सगळे जॉब पुन्हा मोजले. सकाळच्या रिपोर्टमध्ये मात्र त्याचे उत्पादन ४० जॉबने कमी दिसत होते. पाळी बदलताना मी त्याच्या मशीनपाशी गेलो, तो झिजलेला इन्सर्ट हातात घेतला आणि त्याच्या जोडीदारांसमोर एवढेच म्हणालो, की हा बदलला नसता तर दुपारपर्यंत अख्खी पेटी भंगारात गेली असती. त्यानंतर रिपोर्टमध्ये कमी उत्पादनाचे कारण त्याच्या नावासह लिहून तो वर पाठवला. मालकांनी ते वाचून त्याला नावाने हाक मारली, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे दिसले ते फलकावरच्या कोणत्याही फोटोत मला कधी दिसले नाही. नुसते ‘छान काम केलेस’ म्हटले तर माणसाला वाटते, साहेबांना काही कळलेले नाही.

उत्तर : मनुष्यबळ विभागात काम करणारी

फोरमनकाकांशी मी सहमत आहे. दोन गोष्टी मात्र जोडते. दिवाळीचा बोनस म्हणजे कौतुक, असे पुष्कळ मालक धरून चालतात. पात्र कामगाराला किमान ८.३३ टक्के बोनस देणे हे कायद्याचे बंधन आहे आणि ठेकेदाराकडचा कामगारही त्याला पात्र असू शकतो. जे हक्काचे आहे त्याचा गाजावाजा केला की कामगार मनातल्या मनात हसतो. दुसरे असे की, आता आकड्याऐवजी शंभर टक्के हजेरीचे बक्षीस ठेवण्याचा मोह तुम्हाला होईल, तो टाळा. आमच्याकडे ते बक्षीस लागोपाठ अशांनाच मिळत गेले, ज्यांच्या घरी आजारी मुलाला दवाखान्यात नेणारे दुसरे कोणीतरी होते. बाहेरचा सन्मान हवा असेल, तर महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाकडून गुणवंत कामगारांसाठी पुरस्कार दिला जातो. जून आणि डिसेंबरच्या पगारातून ज्या मंडळाची वर्गणी कापली जाते, तेच हे मंडळ. अर्ज भरायला कामगाराला मदत करणे, त्याच्या कामाची कागदपत्रे जमवून देणे, हेही वरिष्ठाने घेतलेल्या दखलीतच मोडते.

उत्तर : ठेक्यावरचा ऑपरेटर

क्षमस्व, पण आमच्या बाजूने थोडे वेगळे दिसते. ओव्हरटाइमचा दर दुप्पट असायला हवा हे सर्वांना माहीत आहे, तरी त्याचे तास लिहिताना अर्धा तास इकडचा तिकडे होतोच. ज्या साहेबांनी माझे तास न विचारता बरोबर लिहिले आणि बहिणीच्या लग्नासाठी मागितलेली रजा शेवटच्या दिवसापर्यंत लटकवली नाही, त्यांनी माझी पाठ कधी थोपटली नसली तरी त्यांच्यासाठी मी रविवारी आलो आहे. शिवाय त्या फलकावर आमच्या ९ जणांपैकी कोणाचा फोटो लागू शकत होता का, हे तुम्ही लिहिलेले नाही.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

लागू शकत नव्हता. यादी करताना मी केवळ कायम कामगारांची नावे घेतली होती आणि ते मला तुमचे वाचेपर्यंत खटकलेही नव्हते. काल रात्री ठेकेदाराकडे गेलेल्या ओव्हरटाइमच्या नोंदी हजेरीशी ताडून पाहिल्या. दोघांचे तास कमी लागले होते, ते दुरुस्त करून पाठवले आहेत. पाळीच्या रिपोर्टमध्ये शेऱ्यासाठी एक रकाना वाढवला असून तिथे नाव आणि नेमके काम लिहायचे ठरवले आहे. फोटो काढला आहे. फलकावर सध्या कॅन्टीनचे वेळापत्रक लावले आहे.