पवनचक्की: पिच ट्रिप रोजचे, पण खर्च गिअरबॉक्सवर?

पठारवारा: साताऱ्याजवळच्या पठारावर २ मेगावॅटचं गिअरबॉक्सवालं मशीन आहे. पिचचे, म्हणजे पात्यांचा कोन फिरवणाऱ्या यंत्रणेचे, फॉल्ट सारखे येतात आणि मशीन ट्रिप होतं, म्हणजे आपोआप बंद पडतं. पावसाळ्याआधी पैसे कुठे घालावेत?

ग्रीसगन: फॉल्टची संख्या नको, बंद राहिलेले तास मोजा. पिच, सेन्सर, कन्व्हर्टर (वीज ग्रिडजोगी करणारं इलेक्ट्रॉनिक्स) वारंवार बिघडतात, पण बहुतेकदा काही तासांत सुरू होतात. गिअरबॉक्स क्वचित जातो, पण क्रेन आणि सुटे भाग येईपर्यंत कित्येक आठवडे खातो.

पिचसाठी आधी हबमधल्या (पाती जिथे जोडलेली असतात त्या मधल्या भागातल्या) बॅटऱ्या लोडवर तपासा. नुसता व्होल्टेज फसवतो. एका पात्याचा संच एकदमच बदला. जुन्यांत एक नवी घातली तर चार्जिंग बिघडतं. बॅटऱ्या ठीक निघाल्या तर स्लिपरिंगची (फिरत्या हबपर्यंत वीज-सिग्नल नेणाऱ्या कड्यांची) काजळी बघा.

कंपनमापक: गिअरबॉक्समध्ये हाय-स्पीड शाफ्टचं (जनरेटरकडच्या वेगवान दांड्याचं) बेअरिंग आधी बघा. तिथे व्हाइट एचिंग क्रॅक (पोलादाच्या आत पृष्ठभागाखाली पसरणाऱ्या चिरा) हिशोबातल्या आयुष्याच्या कितीतरी आधी येतात. नेमकं कारण अजून वादात आहे: रोलरची घसरण, ग्रिड गेल्यावरचे टॉर्कचे झटके, तेलातलं पाणी. बोरस्कोपने (आत घालायच्या बारीक कॅमेऱ्याने) रेसवर, म्हणजे रोलर फिरतात त्या कड्यावर, शाफ्टच्या लांबीच्या दिशेने चीर दिसली तर बेअरिंग टॉवरवरच बदलता येतं. गिअरबॉक्सच्या आतल्या फिरत्या प्लॅनेट गिअरचं बेअरिंग गेलं की मात्र सहसा गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो.

पठारवारा: आणि वीज पडण्याचं?

ग्रीसगन: पात्याच्या टोकाच्या रिसेप्टरपासून (वीज झेलणाऱ्या धातूच्या तुकड्यापासून) मुळापर्यंत कंटिन्युइटी, म्हणजे तार कुठे तुटलेली नाही ना, तपासा, अर्थिंग १० ओहमच्या आत ठेवा. उन्हाळ्यात कोरड्या मुरमात आकडा वाढतो, म्हणून मोजणी तेव्हाच. सगळी कामं मे संपेपर्यंत उरका; जून ते ऑगस्टच्या वाऱ्यात बंद मशीन परवडत नाही.