पोलादी पुंगळी पुन्हा भरता येते का?

वरळी_नेम: पोलादी पुंगळी, म्हणजे काडतुसाचं रिकामं कवच, एकदा उडालं की थेट भंगार, हे मला पटत नाही. पिस्तुलाच्या कमी दाबाच्या काडतुसात ती नवा प्रायमर, दारू आणि गोळी घालून पुन्हा भरता येते. पिस्तुलाच्या .४५ एसीपी काडतुसाचा कमाल दाब २१,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), रायफलच्या .२२३ रेमिंग्टनचा ५५,०००. दोन्हींना एकच नियम कसा लावायचा? अट एवढीच की प्रायमर (बुडाशी बसणारी, दारू पेटवणारी टोपी) बॉक्सर पद्धतीचा हवा. टॉर्च लावून पुंगळीत बघा. मधोमध एकच भोक असेल तर बॉक्सर. बाजूला दोन बारीक भोकं दिसली तर बर्डन, ती ठेवून द्या. डायची (पुंगळी दाबून मापात आणणाऱ्या साच्याची) जुना प्रायमर ढकलणारी पिन घातलीत तर वाकेल नाहीतर तुटेल. डाय खराब होते हीही भीती फुकाची. मऊ पोलाद कठीण केलेल्या डायला खात नाही, गंज आणि वाळूची कचकच खाते.

लेथवाला_लालबाग: साहेब, डायचं सोडा, पुंगळीचं बोला. बार उडाला की ती फुगून चेंबरला (बंदुकीत काडतूस बसतं त्या पोकळीला) चिकटते आणि मग आक्रसते. पितळाचा लवचिकता गुणांक ११० गिगापास्कलच्या आसपास, पोलादाचा २००. म्हणजे तेवढ्याच ताणाला पोलाद जवळपास निम्मंच मागे येतं, म्हणून ते चेंबरमध्ये अडकतं. वारंवार दाबलं की तोंड कडक होऊन उभी चीर जाते. पितळ तापवून मऊ करता येतं. पोलादाला त्यासाठी सातशे अंशांजवळ न्यावं लागतं, तोवर गंज रोखणारं लॅकर जळून गेलेलं असतं.

आणि लॅकर गेलं की आपल्याकडे जुलैत काय होतं ते सांगायला नको. डायमधून काढताना ओरखडा पडला की तिथूनच गंज धरतो.

वरळी_नेम: रायफलचं मान्य, तिथे पोलाद नकोच. पण दुसऱ्या महायुद्धात पितळेला लागणाऱ्या तांब्याचा तुटवडा होता तेव्हा अमेरिकेतल्या इव्हान्सव्हिलच्या कारखान्यात .४५ची अब्जावधी काडतुसं पोलादी पुंगळीतच बनली. धातू कच्चा असता तर चाललं असतं का?

लेथवाला_लालबाग: ती एकदाच उडवायला बनवली होती. एकदा टिकणं आणि दहादा टिकणं या वेगळ्या गोष्टी आहेत, तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे.

दादर_टी_टी: दोघांनी एक लक्षात घ्या. शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम ५ नुसार काडतुसं बनवायला परवाना लागतो, त्यामुळे घरी प्रयोग नकोत. शिवाय मुंबईत सरावाला सर्रास .२२ असते. तिचं स्फोटक मिश्रण कडेच्या पाळीत भरलेलं असतं आणि पिनेने ती पाळी चेपली जाते. ती पितळेची असली तरी पुन्हा भरण्यासारखी उरत नाही.

आता मुद्द्याचं. वाद ताकदीवर चाललाय, पण माझी हरकत वेगळी आहे: इशारा मिळतो का? बुडाशी पितळ पातळ झालं की बाहेरून चकचकीत कडं दिसतं. पोलादावर लेप असतो, कडं त्याखाली लपू शकतं. म्हणून डोळ्यांवर विसंबू नका. तारेचं टोक काटकोनात वाकवा, आत सोडा आणि बुडाकडून वर ओढत आणा.

वरळी_नेम: हे पटलं. मी पुंगळ्या फक्त टॉर्चने बघायला सांगत होतो, ते अपुरं होतं. तारेला खाच लागली तर ती पुंगळी बाद. पण खाच नाही, गंज नाही, बॉक्सर आहे, दाब कमी आहे, अशी .४५ची पुंगळी एकदा भरायला माझी अजून ना नाही.

लेथवाला_लालबाग: माझी आहे. शेजारी पितळ मिळत असताना नाहीच.