यूकेत नर्सच्या युनिफॉर्मवर टॅक्स परत मिळतो का?

प्रश्न: मी इथे नर्स आहे, रोज ड्यूटीवरून आले की ट्यूनिक वेगळा ६० डिग्रीवर धुते, बाहीवरचे आयोडीनचे डाग तरी जात नाहीत. यावर टॅक्स परत मिळतो म्हणे, पण पावत्या कुठून आणू?

उत्तर: अगं पावत्या नकोत, नर्सला वर्षाला १२५ पौंडांचा फ्लॅट रेट आहे, म्हणजे तेवढ्या ठरलेल्या रकमेवरचा टॅक्स परत मिळतो, पण १२५ पौंड हातात येत नाहीत हां, २० टक्के टॅक्स भरत असशील तर २५ पौंड मिळतील आणि मागच्या ४ वर्षांचेही मागता येतात.

उत्तर: हॉस्पिटल फुकट धुऊन देत असेल तर नाही मिळणार. आणि प्लीज एजंटकडे जाऊ नकोस, माझे जवळपास अर्धे पैसे कमिशनमध्ये गेले, सरकारी साइटवर क्लेम फुकट होतो!