अनुभव धागा: पहिल्या पावसाच्या आत (घरच्या शेतावरचा उन्हाळा)

मे लागला की ऑफिसात सगळे विचारतात, काय, गावाला सुट्टीला का? आणि मला दरवेळी सांगावंसं वाटतं की गावाला मे महिन्यात सुट्टी कोणालाच नसते. खरीप-रब्बीबद्दल भरपूर बोललं जातं, उन्हाळ्यातलं काम मात्र कोणी धरतच नाही, वावर रिकामं दिसतं ना म्हणून. तर महाराष्ट्रात कुठेही तुमची घरची किंवा आजोळची शेती असेल तर तिथला उन्हाळा इथे लिहा. काय पीक, कोण कोण राबायचं, पावसाच्या आत काय काय उरकायला लागायचं. मोठं लिहा, चार ओळी लिहा, कसंही चालेल.

सुरुवात मी करते. आम्ही निफाड तालुक्यातले, म्हणजे उन्हाळ कांदा. रोपं डिसेंबर-जानेवारीत लावलेली असतात, मार्चअखेरपासून माना पडायला लागतात. निम्म्या पातीने मान टाकली की वडील म्हणायचे आता काढायचा. त्याआधी दोनेक आठवडे पाणी तोडलेलं असतं, नाहीतर कांदा साठवणीच्या चाळीत टिकत नाही. उपटलेला कांदा पातीसकट वावरातच ओळीने असा मांडायचा की पुढच्या ओळीची पात मागच्या ओळीच्या कांद्यावर येईल, उघडा कांदा उन्हाने भाजतो. तीन-चार दिवसांनी विळ्याने पात कापायची आणि इथे खरं कसब लागतं, इंच-दीड इंच नाळ ठेवावीच लागते, आखूड कापली की तोंड उघडं राहतं आणि सड तिथूनच सुरू होते. नववीत असताना मी पहिल्यांदा कापायला बसले तेव्हा आईने माझ्या पाटीतला एकेक कांदा हातात घेऊन बघितला, आखूड कापलेले सगळे बाजूला काढले आणि हे घरी खायला म्हणाली. रागावली नाही. दुसऱ्या दिवशी मी तिच्या शेजारी बसून तिचा अंगठा कुठे टेकतो तेवढंच बघत होते.

मग गोल्टी म्हणजे बारका कांदा वेगळा, जोड वेगळा, फुलाचा दांडा आलेले डेंगळे वेगळे, आणि चांगला माल चाळीत. चाळीला खालून वारा लागतो म्हणून ती जमिनीपासून उचललेली असते आणि ढीग चार-पाच फुटांच्या वर नेत नाहीत, वरच्या वजनाने खालचा दबतो. हे सगळं होईपर्यंत डोळे आभाळाकडे. 2014 च्या मार्चमध्ये गारपीट झाली तेव्हा आमचा कांदा अजून जमिनीत होता, पात अशी झोडपली की रानात हिरवं काही उरलंच नाही, आणि पातच गेली तर कांदा पोसणार कशावर, त्या वर्षी बहुतेक गोल्टीच निघाली. तेव्हापासून ढग आले की आई आधी ताडपत्री कुठेय ते बघते, मग कपडे काढते दोरीवरचे.

*

ताई, ताडपत्रीवरून आमची आंब्याची अढी आठवली, म्हणजे आंबा पिकायला घालतात ती रास. माझं आजोळ राजापूरकडे. मामा ऊन चढायच्या आत झाडावर, खाली आम्ही पोरं. झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, आंबा देठासकट काढायचा. देठ तुटला की चीक सालीवर ओघळतो आणि तिथे डाग पडतो, मग तो पेटीत जात नाही. घरी माळ्यावर भाताच्या पेंढ्यात अढी घातलेली असायची आणि आजी रोज हात घालून, वास घेऊन सांगायची हा आज, हा परवा. साका, म्हणजे आतला गर खराब झालेला आंबा, मात्र तिलाही बाहेरून ओळखता यायचा नाही, कापल्यावरच कळायचं. मामाचं म्हणणं, खालची भुई तापली की ती धग फळाला लागते, म्हणून तो झाडाखाली वाळलेलं गवत अंथरतो आणि काढलेला आंबा क्षणभर उन्हात ठेवू देत नाही.

आंबा संपत आला की रातांबे, म्हणजे कोकमाची फळं. फोडायचे, बिया काढायच्या, सालं मीठ घातलेल्या रसात बुडवून उन्हात, संध्याकाळी परत रसात, सकाळी परत उन्हात. असं पाच-सहा वेळा केल्याशिवाय आमसूल काळं होत नाही. आणि रातांबा पिकतोच मेच्या शेवटी, जेव्हा ऊन कधी जाईल भरवसा नसतो. 2021 च्या मेमध्ये तौक्ते वादळ किनाऱ्यावरून गेलं तेव्हा झाडावरचा सगळा माल खाली आला. पडलेला आंबा आतून ठेचलेला असतो, तो अढीत घालता येत नाही, आणि रस वाळवून साठं घालावीत तर ऊन नाही. आम्ही मुंबईत अडकलेले, गावात वीज नाही, फोन लागेना. तीन दिवसांनी मामी बोलली तेव्हा म्हणाली, कच्चे होते तेवढे मिठाच्या पाण्यात घातलेत, तुमच्यासाठी बरणी ठेवलीय.

*

यवतमाळ जिल्हा, कापूस आन् तूर. उन्हाळ्यात वावरात जायचं ते झुंजूमुंजू असतानाच, नऊ-दहाला घरी, मंग पाच वाजेपर्यंत बाहेर पडायचं नाव नाही. आमचं पोरांचं काम म्हणजे तुरीची धसकटं, म्हणजे कापणीनंतर उरलेले बुडखे, वेचणं. ज्यानं वेचली त्यालाच माहीत, तिरपं कापलेलं धसकट चपलेतून आरपार जाते. कापसाच्या वाळल्या झाडांच्या पऱ्हाट्या बाबा चिमट्यानं उपटायचे आन् घरामागं रचून ठेवायचे, वर्षभराचं जळण. आता तसं ठेवत नाही, त्यातल्या बोंडांत गुलाबी अळी राहते आन् पुढच्या कापसावर येते हे समजल्यापासून. आईला मात्र चुलीची काळजी वाटते अजून.

*

आमच्याकडे कराडच्या बाजूला उन्हाळी भुईमूग. जानेवारीच्या शेवटी टोकायचा आणि मेअखेर काढायला येतो, मधे एप्रिलमध्ये पाणी चुकवून चालत नाही आणि थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री, मग रात्री दीडला बॅटरी घेऊन दारं मोडायला, म्हणजे एका सरीतलं पाणी दुसरीत वळवायला जायचं, मी आणि आबा, आबा पुढं काठी आपटत चालायचे कारण थंडाव्याला साप सरीतच येतो. शेंग तयार झाली का बघायला दोन-चार झाडं उपटून शेंगा फोडायच्या, टरफल आतून काळपट दिसलं की झालं. त्यानंतर उशीर नको, वळवाचं पाणी पडलं तर शेंगेला जमिनीतच मोड येतात. अख्खी आळी शेंगा तोडायला यायची, लिंबाच्या सावलीत वेलांचा ढीग मधे आणि बायका गोल बसलेल्या, मजुरी पैशात नाही, तोडलेल्या शेंगांचा वाटा. आजी वाटा घालताना शेवटी प्रत्येकीच्या पदरात दोन ओंजळी जास्त टाकायची. तेव्हा वाटायचं ही आपलं नुकसान करते. आता मजूर मिळत नाही म्हणून आम्ही भुईमूगच बंद केलाय आणि त्या दोन ओंजळींचं महत्त्व कळतंय.

*

चोपडा तालुका, केळी. आमच्या भागात उन्हाळा म्हणजे लू, गरम झळांचा वारा. बांधाला शेवरी दाट लावतात वारा अडवायला, आणि घडावर वाळलेली पानं बांधतात नाहीतर उन्हाकडची बाजू करपते. एवढ्या धावपळीत आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी माहेरी येतात, निंबाला झोका बांधलेला असतो. लग्नानंतर पहिल्या आखाजीला मी आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांबरोबर घड झाकायला गेले, आई ओरडत होती पाहुणी आहे ती. मला तर तेच करायचं होतं.

*

सगळे पावसाच्या आत उरकायची घाई लिहितायत. लातूर जिल्ह्यात 2016 च्या उन्हाळ्यात आमच्याकडे घाई करायला काही नव्हतंच. एप्रिलमध्ये मिरजेहून लातूर शहराला रेल्वेने पाणी आलं, ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं, पण आम्ही खेड्यातले, आमची बोअर जानेवारीतच गेली होती. रब्बी पेरलीच नव्हती. दोन म्हशी विकल्या, बैल आधीच चारा छावणीत. मी पुण्याहून गेलो तेव्हा दादा पाझर तलावातला गाळ ट्रॅक्टरने आमच्या वरच्या मुरमाड तुकड्यात टाकत होते. मी म्हणालो, पाण्याला पैसे नाहीत आणि डिझेलला आहेत का? ते म्हणाले, तलाव कोरडा आहे तोवरच गाळ निघतो, पाणी आल्यावर कोण काढू देणार. पंधरा दिवस मी पण फावडं धरलं, हाताची सालं निघाली. आई टँकरच्या रांगेत घागरी लावून तिथेच बसायची, जेवण आम्ही तिला नेऊन द्यायचो.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला. वरच्या तुकड्यात कधी नव्हे ते सोयाबीन कमरेला लागलं. आई मात्र तेव्हापासून मृग लागायच्या आधीच पत्र्याच्या पन्हाळीखाली पाण्याचं टिपाड लावून ठेवते, आता घरात नळ आहे तरी.